निवळ पाणी आणि शांत पाणी

नाताळची सुटी जवळ आली कीं आमच्या वर्गांत सहलीचे वारे वाहूं लागतात, आणि स्थळ ठरविण्याची वेळ आली म्हणजे दहांतील आठ मुलें समुद्रकिनाऱ्याचें नांव घेतात. गेल्या वर्षीं असाच वाद रंगांत आला असतां मीं मेजावर दोन पेले आणून ठेविले. एकांत उकळून थंड केलेलें पाणी होतें. त्यांत भाजलेली शाडू कालवून तें मुद्दाम गढूळ केलें होतें. दुसऱ्यांत मीठ घातलेलें, अगदीं नितळ पाणी होतें. मात्र वर्गांत येण्यापूर्वीं शाळेमागील गटाराच्या पाण्याचा एक थेंब मीं त्यांत सोडला होता. “यांपैकीं कोणत्या पाण्यानें चूळ भराल?” असें विचारतांच सर्व हात नितळ पेल्याकडे वळले. एक धीट विद्यार्थी तर पेला उचलावयास पुढें निघाला. त्याला मला घाईनें थांबवावें लागलें.

हा प्रयोग येथें सांगण्याचें कारण असें कीं, समुद्राच्या बाबतींत आपले डोळे एकदां नव्हे, दोनदां फसतात. जें पाणी निवळ दिसतें तें शुद्ध असेलच असा नियम नाहीं; आणि लाटांच्या मध्यें जें पाणी शांत दिसतें तें पुष्कळदां त्या किनाऱ्यावरील सर्वांत घातक पाणी असतें. पहिल्या फसवणुकीनें मनुष्य आजारी पडतो, दुसरीनें तो प्राणास मुकतो. पालकांनींही हा लेख मुलांबरोबर वाचावा अशी विनंति आहे, कारण सहलीच्या चिठ्ठीवर सही त्यांची असते.

प्रथम निवळ पाण्याविषयीं. समुद्र अफाट आहे, त्यांत पडलेली घाण कोठच्या कोठें विरून जाईल, असें आपणांस वाटतें. खोल समुद्राविषयीं हें बरेंचसें खरें आहे. म्हणूनच मुंबईचें सांडपाणी वरळी व वांद्रे येथून समुद्रतळाखालील बोगद्यांनीं तीन किलोमीटरांहून अधिक दूर नेऊन सोडण्याची योजना करण्यांत आली. परंतु शहराचें सगळेंच सांडपाणी या वाटेनें जात नाहीं. कित्येक नाले थेट किनाऱ्याशीं किंवा खाडींत येऊन मिळतात, आणि किनाऱ्यालगतचें उथळ पाणी भरती-ओहोटीबरोबर तेथल्या तेथेंच पुढेंमागें होत राहतें. विषमज्वर, अतिसार, कावीळ यांचे जंतु मनुष्याच्या विष्ठेबरोबर या पाण्यांत येऊं शकतात. ते डोळ्यांस दिसत नाहींत, पाण्याचा रंग पालटत नाहींत, आणि थोडे असले तर त्यांचा वासही येत नाहीं.

रोगजंतु नाना प्रकारचे. प्रत्येकाचा शोध निरनिराळा घेत बसणें कोणत्याही प्रयोगशाळेस परवडणारें नाहीं. यावर शास्त्रज्ञांनीं एक युक्ति काढली. चोर दिसला नाहीं तरी त्याच्या पायांचे ठसे सांपडतात. तसे विष्ठेचे ठसे शोधावयाचे. १८८५ सालीं थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञानें तान्ह्या मुलांच्या विष्ठेंतील एका जंतूचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें त्याच्याच नांवावरून तो जंतु ई. कोलाय या संज्ञेनें ओळखला जाऊं लागला. निरोगी माणसाच्या आंतड्यांतही तो असतो व बहुधा निरुपद्रवी असतो. परंतु तो पाण्यांत सांपडला म्हणजे त्या पाण्यांत विष्ठा मिसळली आहे, आणि तिच्याबरोबर रोगजंतुही आले असण्याचा संभव आहे, असें समजावें. खाऱ्या पाण्यांत मात्र ऊन व मीठ यांमुळें हा साक्षीदार लौकर मरतो. त्याहून चिवट असा दुसरा जंतु म्हणजे एंटेरोकोकस. म्हणून समुद्रजलाच्या परीक्षेंत त्याच्या मोजणीस अधिक मान आहे.

या मोजणीचा व आजाराचा खरोखरच कांहीं संबंध आहे काय, हें पाहण्यासाठीं ब्रिटनमध्यें एक मोठा मौजेचा प्रयोग झाला. चार किनाऱ्यांवर मिळून सुमारे बाराशें प्रौढ स्वयंसेवक जमविले, आणि कोणीं पाण्यांत जावयाचें व कोणीं वाळूवर बसून राहावयाचें हें निव्वळ दैवावर सोंपविलें. पाण्यांत जाणारानें निदान दहा मिनिटें तेथें राहून तीन वेळां डोकें बुडवावयाचें, आणि त्याच्या आसपासच्या पाण्याचे नमुने घेऊन ते तपासावयाचे. १९९४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पाण्यांत गेलेल्यांना पोटाचे विकार अधिक झाले. आणि छातीइतक्या खोल पाण्यांत दर १०० मिलिलिटरांत या चिवट जातीचे जंतु ३२ च्या वर गेले कीं धोका वाढूं लागला. १०० मिलिलिटर म्हणजे भरला कपभर चहासुद्धां नव्हे! एवढ्याशा पाण्यांत बत्तीस जंतु; तें पाणी डोळ्यांस किती निर्मळ दिसत असेल याची वाचकांनीं कल्पना करावी.

“पण आम्ही समुद्राचें पाणी पितों कोठें?” असें मुलें म्हणतील. पितां, बाळांनो, ठाऊक नसतांना पितां. याचेंही मोजमाप झालें आहे. पोहण्याच्या तलावांतील क्लोरीन उन्हानें लौकर उडून जाऊं नये म्हणून त्यांत सायन्यूरिक आम्ल नांवाचा पदार्थ घालतात. तो पोटांत गेला तर न पचतां मूत्रावाटे बाहेर पडतो. अमेरिकेंतील संशोधकांनीं पोहणाऱ्यांचें चोवीस तासांचें मूत्र जमवून त्यांतील या पदार्थाचें प्रमाण काढलें, आणि त्यावरून किती पाणी गिळलें गेलें याचा हिशेब मांडला. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या हिशेबाप्रमाणें पाऊण तासाच्या पोहण्यांत मोठ्या माणसाच्या पोटांत सरासरी १६ मिलिलिटर, तर मुलांच्या पोटांत ३७ मिलिलिटर पाणी गेलें होतें. म्हणजे मुलें मोठ्यांच्या दुपटीहून अधिक पाणी गिळतात. त्यांचें हंसणें, ओरडणें, एकमेकांवर पाणी उडविणें हें सारें तोंड उघडें ठेवून चाललेलें असतें, हें सहलीस गेलेल्या कोणत्याही शिक्षकास सांगावयास नको.

स्नानास व पोहण्यास योग्य अशा समुद्रजलांत विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतु दर १०० मिलिलिटरांत १०० पेक्षां अधिक नसावेत, अशी मर्यादा आपल्या देशांतील नियमांनीं घालून दिली आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ किनाऱ्यावर ठिकठिकाणीं नमुने घेऊन तपासतें; मुंबईच्या चौपाट्यांवरील पाणी या मर्यादेच्या पलीकडे गेल्याचें अनेकदां आढळून आलें आहे. तथापि केवळ आंकड्यांवर विसंबणारासही एक अडचण आहे. जंतु मोजावयाचे म्हणजे त्यांना खाद्य घालावयाचें, ऊब द्यावयाची, आणि त्यांच्या वसाहती वाढण्याची वाट पाहावयाची. यांत एक दिवस तरी जातो. आज हातीं आलेला आंकडा कालच्या पाण्याचा असतो, आणि कालचें पाणी तर ओहोटीबरोबर केव्हांच निघून गेलेलें असतें.

म्हणून आंकड्यांच्या जोडीला साधी समजूत वापरावी लागते. मोठा पाऊस झाला कीं रस्त्यांवरची, गटारांतली सारी घाण धुपून समुद्रांत येते. त्यानंतर दोन-तीन दिवस पाण्यांत उतरूं नये. नाला, गटार किंवा खाडी जेथें समुद्रास मिळते तेथून दूर जावें. ओहोटीच्या वेळीं तर विशेष दूर, कारण तेव्हां आंतलें पाणी बाहेर येत असतें. अंगावर उघडी जखम असल्यास वाळूवरच बसावें. आणि हो, वाळूविषयींही एक शब्द. किनाऱ्यावरील ओल्या वाळूंत हे जंतु पाण्यापेक्षां अधिक काळ टिकून राहतात, कारण तेथें त्यांना ऊन कमी लागतें. किल्ले बांधून झाल्यावर त्याच हातांनीं भेळ खाणें ही आपल्याकडील सर्वमान्य पद्धति आहे. भेळेला माझा विरोध नाहीं; हात धुण्याचा मात्र आग्रह आहे, आणि तोही समुद्राच्या पाण्यानें नव्हे.

आतां शांत पाण्याकडे वळूं. येथें मला माझी स्वतःची फजिती सांगावी लागेल. मी विहिरींत पोहावयास शिकलेला मुलगा. पाठीस भोपळा बांधून काकांनीं मला पाण्यांत ढकललें, आणि तिसऱ्या उन्हाळ्यांत मी काठावरून उड्या मारूं लागलों. आपणांस पोहतां येतें या गोष्टीचा मला फार अभिमान होता. चौदाव्या वर्षीं रत्नागिरी जिल्ह्यांत मावशीकडे गेलों असतां एका दुपारीं मी एकटाच समुद्रावर गेलों. दोन्ही बाजूंस लाटा फेंसाळून फुटत होत्या. मध्यें मात्र दहा-बारा हात रुंदीचा एक पट्टा असा होता कीं तेथें लाट जवळजवळ फुटतच नव्हती. पाणी किंचित् काळसर, पण अगदीं सपाट. “येथेंच पोहावयास बरें,” असें मनाशीं म्हणून मी नेमका तेथें शिरलों.

थोडे हात मारून मागें पाहिलें, तों किनाऱ्यावरचीं सुरूचीं झाडें लहान झालेलीं! मी वळलों आणि सरळ किनाऱ्याकडे पोहूं लागलों. जितका जोर करावा तितका मी आहे तेथेंच; किंबहुना कांहींसा मागेंच. दम लागला, खारें पाणी नाकातोंडांत गेलें, आणि विहिरींतील माझी सारी विद्या त्या क्षणीं निरुपयोगी झाली. इतक्यांत किनाऱ्यावर जाळें विणीत बसलेले एक वृद्ध तांडेल उठून उभे राहिले आणि हात एका बाजूस फेंकीत ओरडले, “पोरा, आडवा जा! माडांकडे, आडवा!” शब्द वाऱ्यावर अर्धेमुर्धे आले, पण हाताची खूण कळली. मी किनाऱ्याचा नाद सोडला आणि माडांच्या दिशेनें आडवा पोहूं लागलों. वीस-पंचवीस हातांनंतर ओढ एकाएकीं संपली, आणि ज्या फुटणाऱ्या लाटांना मी भीत होतों त्यांनींच मला ढकलीत वाळूवर आणून टाकलें. मी थरथरत बसलों असतां तांडेलकाका रागावले नाहींत. त्यांनीं एवढेंच म्हटलें, “विहिरीचें पाणी उभें असतें, पोरा, हें चालतें.”

त्या एका वाक्यांत जें शास्त्र होतें तें मला पुष्कळ वर्षांनीं पुस्तकांतून कळलें. लाटा अखंड पाणी किनाऱ्याकडे आणीत असतात. तें पाणी कोठून तरी परत गेलेंच पाहिजे. किनाऱ्यासमोर पाण्याखालीं वाळूचे बांध असतात, त्यांत कोठें खिंड असली कीं दोन्ही बाजूंचें पाणी त्या खिंडींत गोळा होऊन एका अरुंद ओघानें समुद्राकडे धांवतें. खिंडींत पाणी खोल असतें म्हणून तेथें लाट फुटत नाहीं. लाट फुटत नाहीं म्हणून तें पाणी शांत दिसतें. आणि शांत दिसतें म्हणून अजाण माणूस नेमका तेथें उतरतो. या परतीच्या ओघाचा वेग सामान्यतः सेकंदास एक-दोन फूट असतो, पण प्रसंगीं तो आठ फुटांपर्यंत जातो. पन्नास मीटरांची शर्यत सुमारे एकवीस सेकंदांत पुरी करणारे जगांतले निष्णात पोहणारेही साधारण याच वेगानें जातात, आणि तेही त्या पन्नास मीटरांपुरतेच. त्याच्याशीं समोरासमोर झुंजणाऱ्या शाळकरी मुलाचें काय होणार?

परंतु या ओघाविषयीं एक समजूत चुकीची आहे. तो माणसाला खालीं ओढीत नाहीं. बाहेर नेतो, आणि लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे गेला कीं त्याचा जोर बहुधा ओसरतो. माणूस बुडतो तो ओघानें नव्हे, तर ओघाशीं झुंजून आलेल्या थकव्यानें व घाबरण्यानें. म्हणून त्यांत सांपडल्यास प्रथम उताणें होऊन तरंगावें, श्वास आवरावा. मग किनाऱ्याला समांतर पोहत ओघाच्या बाहेर पडावें, आणि जेथें लाटा फुटत असतील तेथून त्यांच्याबरोबर परतावें. तेवढी शक्ति नसेल तर तरंगत राहून एक हात वर करावा. आणि मुळांत पाण्यांत उतरण्यापूर्वीं उंचशा जागेवर उभें राहून दहा मिनिटें समुद्र पाहावा. लाटांच्या ओळींत सपाट व काळसर खंड दिसतो काय? फेंस, पालापाचोळा, ढवळलेली वाळू एखाद्या ठिकाणीं समुद्राकडे जातांना दिसते काय? दिसल्यास ती जागा ओळखून ठेवावी, आणि तिच्या वाटेस जाऊं नये.

१ फेब्रुवारी २०१६ रोजीं पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीबरोबर आलेले चौदा विद्यार्थी रायगड जिल्ह्यांतील मुरूडच्या समुद्रांत बुडून मृत्यु पावले. कोणाचें काय चुकलें याचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु त्या दिवसाचें पंचांग मीं मुद्दाम पाहिलें: पौष वद्य अष्टमी. म्हणजे पावसाळा नव्हे, हिवाळा. उधाण नव्हे, भांगाचा दिवस, ज्या दिवशीं भरती-ओहोटींतील अंतर पंधरवड्यांत सर्वांत कमी असतें. “उधाण नाहीं, वादळ नाहीं, मग भय कसलें?” असें ज्या दिवशीं कोणीही म्हणेल, असा तो दिवस होता. त्या चौदा घरांतून सकाळीं डबे भरून दिले गेले असतील. तेव्हांपासून सहलीच्या चिठ्ठ्या गोळा करतांना मला ही गोष्ट नेहमीं आठवते.

पंचांगाचा उल्लेख आलाच आहे, तर भरतीची वेळ काढण्याची आपल्या किनाऱ्यावरील जुनी रीत येथें सांगतों; ती पाठ असणारीं मुलें आतां थोडींच राहिलीं आहेत. अमावास्येस व पौर्णिमेस मुंबईस भरती दुपारीं व मध्यरात्रीं बाराच्या सुमारास पूर्ण होते. पुढें चंद्र रोज उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा येते. म्हणून तिथीची पाऊणपट करावी. जी संख्या येईल तितके वाजतां भरती पूर्ण. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. त्यानंतर सुमारें सव्वासहा तासांनीं ओहोटी पूर्ण होते. ही रीत स्थूल आहे, आणि कोंकणांत दक्षिणेकडे जावें तशी भरती कांहीं आधीं येते. तरीपण आपण किनाऱ्यावर असूं त्या वेळीं पाणी चढत असेल कीं उतरत असेल एवढें तिच्यावरून घरबसल्या कळतें. पाणी चढत असतां खडकावर किंवा वाळूच्या बेटावर जाऊन बसूं नये, परतीची वाट बुडते. पाणी उतरत असतां खाडीच्या तोंडाशीं उतरूं नये, ओढ बाहेरची असते. पावसाळ्यांत तर मुंबईस कित्येक दिवशीं भरती साडेचार मीटरांहून उंच चढते. तेव्हां पाण्यांत जाण्याचा प्रश्नच नाहीं. कोळी लोक स्वतः नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवतात; त्यांच्यापेक्षां आपणांस समुद्र अधिक कळतो असें मानण्यास आधार नाहीं.

पावसाळ्यांतच निळसर फुग्यासारखे दिसणारे विषारी प्राणी वाऱ्याबरोबर आपल्या चौपाट्यांवर येऊन पडतात. त्यांचे लांब धागे मेल्यावरही डंख करतात, म्हणून सुंदर दिसले तरी त्यांस हात लावूं नये. उथळ पाण्यांत वाळूखालीं पाखट मासा दडलेला असतो. २०१३ सालीं गणेशविसर्जनाच्या वेळीं गिरगांव चौपाटीवर पुष्कळ लोकांना त्याचा कांटा लागला. पाय उचलून टाकण्याऐवजीं वाळूंत घसटत चाललें तर तो आधींच पळून जातो.

जीवरक्षक असतील तेथेंच उतरावें. गोव्याच्या किनाऱ्यांवर तांबडा-पिवळा असा जोडरंगी निशाणांचा जोड रोंवलेला दिसतो; पोहावयाचें तें त्या दोन निशाणांच्या मध्यें. नुसतें तांबडें निशाण असेल तर पाण्यांत जावयाचें नाहीं. कोणी बुडतांना दिसला तर त्याच्यामागें उडी टाकण्याचा मोह मोठ्या मनाच्या मुलांस होतो, आणि एकाच्या ठिकाणीं दोघे जातात. हांक मारून मदत बोलवावी. दोर, रिकामा बंद डबा, टायरची फुगविलेली नळी, जें तरंगेल तें त्याच्याकडे फेंकावें. बाहेर काढलेल्या माणसास उलटें टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्याची चाल अजून कोठें कोठें दिसते. ती सोडली पाहिजे, कारण तींत मोलाचा वेळ जातो. त्याचा श्वास बंद असल्यास त्याला पाण्याची नव्हे, हवेची गरज असते. प्रथम तोंडानें श्वास द्यावयाचा, मग छातीवर दाब द्यावयाचा. ही क्रिया पुस्तकांतून न शिकतां जाणत्या माणसाच्या हाताखालीं शिकावी.

सहलीचा दिवस ठरण्यापूर्वीं प्रत्येक विद्यार्थ्यानें पुढील उदाहरण सोडवून आणावें. वद्य एकादशीस मुलें सकाळीं दहा वाजतां मुंबईच्या एका किनाऱ्यावर पोंचलीं, आणि दुपारीं तीन वाजतां परत निघालीं. त्या दिवशीं सकाळची भरती किती वाजतां पूर्ण झाली होती? ओहोटी किती वाजतां पूर्ण झाली? आणि त्या पांच तासांपैकीं किती वेळ पाणी उतरत होतें? उत्तर घरच्या मंडळींना दाखवून, चिठ्ठीच्या पाठीमागें लिहून आणावें.